इथवर समजलं

१२ जानेवारी

दादा,

फोनवर तू प्रत्येक वाक्याला "हो गं" म्हणतोस आणि नंतर त्यातलं एकही तुला आठवत नाही, म्हणून लिहितेय. तुझ्या धावपळीत माझी शंका म्हणजे चालत्या गाडीला खीळ, हे मला माहीत आहे. पण ही एकच आहे.

काल एक गृहस्थ घरी आले. कापडाच्या गिरणीतले रंगमास्तर. आपल्या कंपायलरच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर "काही न समजल्यास लेखिकेला कळवा" असं लिहून मी आपला पत्ता दिला होता, तेव्हा तू हसला होतास की एवढ्या लांब कोण मरायला येणार. ते आले. साठीला टेकलेले, नखं कायमची निळी. दारातच उभे राहिले. आई म्हणाली, आत या. तर म्हणाले, "आत येण्याजोगं काम नाही माझं. भांडायला आलोय." आईने खुर्ची सरकवली. "मग बसून भांडा. उभ्याने दम लागतो."

बसले. आपण दोघांनी यंत्रासाठी रचलेली भाषा त्यांच्या तोंडून ऐकताना मला परकं वाटत होतं आणि छानही वाटत होतं. पूर्वी ते टाकीचे वाल्व हाताने फिरवायचे. आता कृती ओळीओळीने लिहितात: पाणी किती, रंग कोणता, किती तापवायचं, किती वेगाने. आपला कंपायलर ते वाचतो आणि टाकीला कळेल असं करून देतो. "चांगलं आहे हो," म्हणाले, "पहिले सहा महिने मी शिव्या घातल्या, मग सवय झाली. बायकोसारखं."

आई म्हणाली, "बायकोला सवय झाली का, ते विचारलंत?"

मग भांडण सुरू झालं. नव्वद अंशांपर्यंत टाकी भरभर तापवली तरी चालते. त्यापुढे कापड एकदम रंग ओढायला लागतं, म्हणून तिथून मिनिटाला एकाच अंशाने चढायचं. मास्तरांनी त्या दिवशी लिहिलं, "तापव ९० पर्यंत, मिनिटाला ४." पुढच्या ओळीत लिहिलं, "तापव १३० पर्यंत," आणि वेग लिहायचाच राहिला. त्यांचं म्हणणं, यंत्राने हूं की चूं केलं नाही. मागचाच चारचा वेग धरून टाकी तापली, आणि सगळा लॉट ढगाळ निघाला. इथे गडद, तिथे फिकट. इस्पितळाच्या पडद्यांचं कापड होतं.

चौकशीत गिरणीच्या लोकांनी आपली पुस्तिका काढली. माझं पान, माझं वाक्य: "अपुरी कृती कंपायलर स्वीकारत नाही. राहून गेलेलं काहीही तो स्वतःच्या अंदाजाने कधीही भरत नाही." मग त्यांचा हिशेब सरळ आहे. अपुरी कृती यंत्राने घेतलीच नसती. म्हणजे मास्तरांनी चारचा वेग स्वतः लिहिला, कापड बिघडवलं, आणि नंतर तो आकडा पुसून यंत्रावर ढकललं. चुकीबद्दल त्यांना कोणी काही बोलत नाही. लबाडीबद्दल घरी बसवलंय.

मी त्यांच्यासमोर त्याच ओळी माझ्याकडच्या कंपायलरच्या प्रतीवर घातल्या. कृती आधी वाचून घेणाऱ्या आपल्या पुढच्या खोलीने लगेच अडवलं: "दुसरी ओळ: 'पर्यंत' इथवर समजलं. यापुढे वेग हवा होता. मिनिटाला किती अंश?"

मास्तर संगणकाच्या पडद्याकडे बघत राहिले. म्हणाले, "हे वाक्य मी कधी पाहिलेलं नाही."

मी म्हटलं, "तुमची अशी चूक आधी झाली नसेल."

"ताई, तीस वर्षं रंगात आहे. सगळ्या चुका झाल्यात माझ्या."

उठून गेले. त्यांनी आणलेली पुस्तिका टेबलावरच राहिली, आणि ती विसरून राहिलेली नव्हती.

तर शंका इतकीच. "कधीही" हा शब्द घालताना मी तुला तीनदा विचारलं होतं आणि तू म्हणाला होतास, बिनधास्त घाल. एकदा पुन्हा म्हण. मला झोप लागेल.

तुझी,
शेपूट


२० जानेवारी

दादा,

फोन केलास, बरं वाटलं. "म्हातारा आकडा पुसून आलाय, तू त्यात पडू नकोस" हे तू इतक्या सहज म्हणालास की मी त्या दिवशी दोन वेळा जेवले. पण दुसऱ्या दिवशी एक गोष्ट टोचायला लागली आणि ती जाईना.

लबाडी करायची असती तर मास्तरांनी तिथे "मिनिटाला १" लिहिलं असतं. बरोबर आकडा घालायचा आणि म्हणायचं, मी नीटच लिहिलं होतं, यंत्राने घोळ केला. जागा रिकामी कोण ठेवेल? रिकामी जागा म्हणजे स्वतःची चूक कबूल. स्वतःची चूक हातात घेऊन कोणी फसवायला निघत नाही.

मला हे आईच्या पद्धतीनेच सुचलं असणार. माझ्या छातीच्या दुखण्यामुळे दहा वर्षांची होईपर्यंत माझी शाळा म्हणजे हीच खोली होती, आणि आई छापखान्याची मुद्रितं तपासता तपासता मला शिकवायची. तू शाळेतून आलास की तुझीही वही तिच्यापुढे. ती ओळीखालून बोट फिरवायची आणि जिथे अडेल तिथे थांबायची. चूक आहे असं कधी म्हणाली नाही. "इथवर समजलं," एवढंच. पुढचं तुम्ही बघा. तू चिडायचास. "अगं, मला काय म्हणायचंय ते कळतंय ना तुला?" ती म्हणायची, "मला कळतंय. कागदावर नाहीये."

पुढची खोली आपण याच टेबलावर उभी केली. मी कात्रीने ओळ कापून शब्द सुटे करायचे, तू ते नियमांच्या तक्त्यावर मांडून बघायचास, बसतात का. कंपायलरच्या या पुढच्या भागाला जगात काय म्हणतात ते तूच मला सांगितलंस आणि तूच म्हणालास, आपण पुढची खोली म्हणू. आल्यागेल्याचं म्हणणं तिथे नीट ऐकून घ्यायचं, नाही कळलं तर विचारायचं. कळल्याशिवाय मागच्या खोलीत काही पाठवायचं नाही. आणि अडल्यावर ती काय बोलेल यावर आपण महिनाभर वाद घातला. शेवटी तूच लिहिलंस, "इथवर समजलं." आईला दाखवलं तेव्हा तिने चष्मा पुसला, दुसरं काही केलं नाही.

म्हणून मी गिरणीत जाऊन येते. त्यांच्याकडची प्रत बिघडलेली असेल, अर्धवट बसवली असेल, तर तुलाही कळायला हवं. रागावू नकोस.

तुझी,
शेपूट


२७ जानेवारी

दादा,

जाऊन आले. तू फोन उचलत नाहीयेस म्हणून लिहिते, आणि जे पाहिलं त्याच क्रमाने लिहिते, म्हणजे मला स्वतःला काही भर घालता येणार नाही.

रंगखात्यात जमीन ओली असते. वाफेने चष्मा धुरकट होतो, आंबूस वास घशाला लागतो. यंत्राच्या पडद्याला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलीय, तिच्यावर निळी, लाल, पिवळी बोटं. मास्तरांना आत यायची बंदी, म्हणून दुसऱ्या पाळीवर काम बघणाऱ्या बाईंनी मला नेलं. त्यांना मी म्हटलं, मला फक्त तीन ओळी लिहून बघायच्यात, टाकी चालवायची नाही. त्या म्हणाल्या, "तीसही लिहा. हे माझ्या नवऱ्यासारखं आहे. काहीही सांगा, हूं म्हणतं. ऐकलं की नाही ते नंतर कळतं."

मी "तापव १३० पर्यंत," लिहिलं आणि वेग सोडून दिला.

स्वीकारलं.

मी पुन्हा लिहिलं. पुन्हा स्वीकारलं. खाली एक ओळ नाही, सूचना नाही, काही नाही. मग मी आवृत्तीचा क्रमांक बघितला. माझ्या प्रतीवर जो आहे तोच, शेवटच्या बिंदूपर्यंत.

पुस्तिकेतलं चुकांचं प्रकरण आठवतं ना? प्रत्येक चुकीची ओळ आणि तिच्यापुढे पुढची खोली काय म्हणेल ते. तुझी प्रत्येक नवी आवृत्ती आली की मी ते प्रकरण पहिल्यापासून शेवटपर्यंत घालून बघते, एकही उदाहरण न गाळता. तू मला त्यावरून चिडवायचास, की जगात लोक बरोबर लिहायला शिकतात, आमची शेपूट चुकीचं लिहून पोट भरते. तेच प्रकरण मी तिथे उभ्याने घातलं. निम्म्याहून जास्त चुका गिळल्या गेल्या. रंगाचं माप नाही दिलं, मागचंच धरलं. पाण्याचं प्रमाण नाही, मागचंच. बाईंनी शेजारी उभं राहून सगळं पाहिलं. म्हणाल्या, "म्हणजे म्हातारा खरं बोलत होता."

"हो."

"आणि तुमचं पुस्तक?"

मी आवृत्तीचा क्रमांक वहीत लिहून घेतला. बाहेर आले तर फाटकाशी मास्तर उभे होते, हातात डबा. कामावर नसले तरी डबा घेऊन येतात म्हणे, घरात बसून खाववत नाही. त्यांना सांगितलं. मला वाटलं होतं, त्यांना हायसं वाटेल. ते म्हणाले, "त्या दिवशी तुमच्या घरी तुम्हीही माझ्याकडे तसंच बघितलंत. चौकशीवाले बघतात तसं."

दादा, तुला हे माहीत नसणार. तुझ्या भागीदारांनी, त्या टायवाल्या साहेबांनी, नाहीतर त्यांच्या कुणा माणसाने, तुझ्या पाठीमागे पुढच्या खोलीत हात घातलाय. तू कंपनीच्या मुख्य कचेरीत बसतोस, सगळीकडे लक्ष कसं राहील. पण गिरणीत मास्तरांची शेवटची सुनावणी एकवीस तारखेला आहे. त्याच्या आत तू चार ओळी लिहून पाठव, की गिरणीच्या प्रतीत बिघाड आहे. माझं नाव घालायची गरज नाही.

आईला अजून सांगितलेलं नाही. ती विचारतेय, वाफेचा त्रास झाला का. मी म्हटलं, थोडा.

शेपूट


५ फेब्रुवारी

दादा,

तू फोन उचलला नाहीस म्हणून मी काल तुझ्या भागीदारांना लावला. टायवाल्या साहेबांशी मी आयुष्यात दोनदा बोलले असेन. मी मनाशी वाक्यं लिहून ठेवली होती, त्यांना राग न येता विचारायचं कसं, की प्रतीत बदल कोणी केला.

लागली नाहीत. त्यांनी सरळ सांगितलं. हसतच.

"अहो, तुमच्याकडची वेगळी असते ना. दादाच तयार करतात ती, तुमच्यापुरती. आम्ही इथे तिला 'शेपटीची प्रत' म्हणतो. त्यांनी सांगितलं नाही तुम्हाला?"

शेपूट हे नाव मला तू ठेवलंस, मी तुझ्या मागेमागे फिरायची म्हणून. आईशिवाय कोणाला ते माहीत नव्हतं.

मी "हो, सांगितलं होतं" असं म्हणून फोन ठेवला. आयुष्यात मी इतक्या झटकन खोटं बोलले नव्हते. तेही तुझी लाज राखायला.


१६ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. फोनवरचा माणूस पत्र लिहितो म्हणजे तुलाही कळलंय की आता "हो गं" पुरणार नाही.

तू लिहितोस, गिरण्यांकडून तक्रारी यायच्या. यंत्र दर दोन ओळींना शाळामास्तरासारखं अडवतं, लोक वैतागून हाताने वाल्व फिरवायला लागले. म्हणून तू पुढच्या खोलीत "थोडा समजूतदारपणा" घातलास. राहिलेलं मागच्या ओळीवरून भरायचं. शंभरात नव्व्याण्णव वेळा बरोबरच निघतं. असेल. मी ते खोटं मानत नाही. मास्तरांनीही पहिले सहा महिने शिव्या घातल्याच होत्या.

भरलंस, त्याचं मला काही नाही. भरून खाली एक ओळ लिहिली असतीस, "वेग दिला नव्हता, मागचाच धरला," तरी पुरे होतं. मास्तर ती वाचून थांबले असते. मी पुस्तिकेत तसं लिहिलं असतं, कुरकुरले असते आणि लिहिलं असतं. तू ती ओळही गाळलीस, कारण टायवाल्यांना दाखवायचं होतं की आमचं यंत्र चुका काढतच नाही.

आणि मग माझा प्रश्न उरला. मी चुकांचं प्रकरण घालून बघणार हे तुला माहीत होतं. जगात दुसरं कोणी इतकं बघत नाही हेही माहीत होतं. म्हणून माझ्यापुरतं जुनं घर तसंच ठेवलंस, भिंती, खिडक्या, बोलणं सगळं जिथल्या तिथे, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीला ते पुन्हा सारवून माझ्याकडे पाठवत राहिलास. किती मेहनत घेतली असशील. त्याच्या अर्ध्या मेहनतीत मला खरं सांगून झालं असतं.

मला खोटं लिहायला सांगितलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं, आपलं भांडण झालं असतं, आई मध्ये पडली असती. तू मला खरंच लिहू दिलंस आणि माझ्या माघारी ते खोटं करून टाकलंस. मी प्रत्येक ओळ तपासली होती, दादा. आता रात्रंदिवस शोधतेय की मी कुठे कमी पडले, आणि सापडत नाही. सापडलं असतं तर बरं झालं असतं. माझी चूक असती तर ती मला दुरुस्त करता आली असती.

तू म्हणतोस, महिनाअखेरपर्यंत थांब, औषध कारखान्याचा करार व्हायचाय, मग मी स्वतः सगळं नीट करतो. सुनावणी एकवीसला आहे. महिनाअखेरीला मास्तर लबाड ठरून आठवडा झालेला असेल. आणि औषध कारखान्यात टाकीत रंग नसतो.

मी एक पान तयार केलंय. पुस्तिकेतलं कोणतं वाक्य खोटं आहे, गिरण्यांकडच्या प्रतीत कुठे कुठे काय भरलं जातं, आणि ते कसं ओळखायचं. पाठवण्याआधी तुला दाखवते, सोबत जोडलंय. त्यात काही चुकलं असेल तर वीस तारखेपर्यंत कळव, मी दुरुस्त करीन. थांब म्हणून कळवलंस तर थांबणार नाही.

आईला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आपलेच दात, आपलेच ओठ." मग बराच वेळ तिने टेबलाची एकच बाजू पुसली.


२४ फेब्रुवारी

दादा,

तुझं काही आलं नाही, म्हणजे पानात चूक नव्हती असं मी धरलं. नाही, हे मी चुकीचं लिहिलं. मी काही धरलं नाही. तुझं काही आलं नाही, एवढंच.

सुनावणी गिरणीच्या कचेरीत झाली. लांब टेबल, पलीकडे तीन माणसं, अलीकडे मास्तर आणि मी. मास्तर इस्त्रीचा सदरा घालून आले होते, बाहीतून निळी बोटं. मी माझी प्रत उघडली, शेजारी गिरणीचं यंत्र. दोन्हीवर तीच ओळ घातली. एकाने अडवलं, एकाने घेतलं. क्रमांक दोन्हीवर तोच. ते तिघेही खुर्च्या मागे ढकलून जवळ आले. मधल्या साहेबांनी स्वतः हाताने लिहून बघितलं, मग पुन्हा लिहून बघितलं, जसं मी केलं होतं.

"म्हणजे तुमची पुस्तिका खोटी आहे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि लिहिलीत तुम्हीच?"

"हो."

"मग अशी का लिहिलीत?"

"माझ्यासमोर जे होतं ते बघून लिहिली."

"तुमच्यासमोर ते कोणी ठेवलं?"

खिडकीबाहेर कोणीतरी ट्रक मागे घेत होतं. मला आठवलं, मी आजारी असताना तू खिडकीत बसून रस्त्यावर काय चाललंय ते मला सांगायचास. कोणाची सायकल, कोणाचं भांडण. मी पलंगावरून ते जसंच्या तसं खरं मानायची. कधी उठून बघितलं नाही.

"भावाने," मी म्हणाले.

त्यांनी ते लिहून घेतलं.

मास्तरांवरचा लबाडीचा आरोप काढला. चूक राहिली. वेग लिहायचा राहिला, कापड बिघडलं, ते त्यांनाही मान्य होतं. त्यांना पुन्हा घेतलंय, पण टाकीवर नाही, तागे तपासायच्या टेबलावर. बाहेर आल्यावर मी म्हटलं, मास्तर, मी माफी मागते. ते डब्याचं झाकण घट्ट करत म्हणाले, "तुम्ही कशाला. पुस्तक चांगलं लिहिता तुम्ही. खरं असतं तर फार कामाचं होतं." मग पाच पावलं जाऊन परत आले. "ते वाक्य मात्र छान आहे. इथवर समजलं. आमच्या यंत्रात का नाही ठेवलं?"

ते पान मी जिथे जिथे पुस्तिका गेली तिथे पाठवलं. औषध कारखान्यालाही. टायवाल्या साहेबांचा फोन आला. या वेळी ते हसत नव्हते. म्हणाले, "स्वतःच्या भावाच्या पोटावर पाय देताय." मी म्हटलं, साहेब, तुमच्याकडच्या प्रतीत हे भरलं जातं की नाही तेवढं सांगा. ते म्हणाले, तो प्रश्न नाही. मी म्हटलं, पानावर तेवढाच आहे.

तुझा करार झाला की मोडला, मला माहीत नाही. वहिनीचा निरोप होता, तू जेवत नाहीस. मी विचारलं, त्यानेच सांगायला सांगितलं का? तिने विषय बदलला. वहिनीला यात ओढू नकोस. ती बिचारी जे तिच्यासमोर ठेवशील तेच सांगणार.

आता शेवटचं. तुझं पत्र मी आईला वाचायला दिलं होतं. तिने हात लावला नाही. "तुला आलंय, तू वाच," म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, "बोट लावून वाच."

मी याच टेबलावर बसून वाचलं. प्रत्येक ओळीखालून बोट नेलं. तक्रारी, वैतागलेले मास्तर लोक, टायवाल्यांचा धोशा, करार, सगळं समजलं. तू भ्याला होतास हे तू लिहिलेलं नाहीस, आणि मला ते दिसत होतं, पण कागदावर नव्हतं म्हणून धरलं नाही. असं करत शेवटच्या परिच्छेदापर्यंत आले. तिथे तू लिहिलंयस: "तुला सांगितलं असतं तर तू अडून बसली असतीस, म्हणून तुझी प्रत जुनीच ठेवली. तुझ्यासाठीच."

तुझं पत्र सोबत परत पाठवतेय. "जुनीच ठेवली" याच्याखाली पेन्सिलीने रेघ ओढलीय. इथवर समजलं.

त्यापुढे काय हवं होतं ते आईला विचारलं नाही आणि मनानेही भरलं नाही. जागा रिकामी आहे. तू लिही.